मुलीकडचे की मुलाकडचे

ही गोष्ट खरी आहे.

खोटी सांगायची असती, तर मी आमच्या घरच्यांना जरा शहाणं दाखवलं असतं.

तारीख सांगतो. चौदा डिसेंबर दोन हजार चोवीस, शनिवार. दत्त जयंती होती. वेळ संध्याकाळी साडेसहाच्या पुढची. जागा एका जुन्या संस्थानाचा राजवाडा. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेला. गावाचं नाव देत नाही. दिलं तर पुढच्या शनिवारी तुमच्यातलेच चार जण रील काढायला तिथं जातील.

मी नवनाथ. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका ऑफिसात क्लार्क आहे. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण तेजश्री. वडील चार वर्षांपूर्वी गेले. तेजू फार्मासिस्ट आहे. तेव्हा सत्तावीसची होती.

तिची तीन स्थळं मोडली होती. एकाला ती उंच वाटली. एकाला तिची नोकरी नको होती. तिसऱ्यानं काही सांगितलंच नाही, फक्त व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला.

चौथा कुमार. केम गावचा. आणि तेजूला पहिल्यांदाच मुलगा आवडला होता. ती बोलली नाही, पण त्याचा फोन आला की टीव्हीचा आवाज कमी करायची. मालिका चालू असताना. आमच्या घरात यापेक्षा मोठी कबुली कुणी देत नाही.

देण्याघेण्याचं ठरलं होतं. फक्त सुपारी फोडायची राहिली होती. आमच्यात सुपारी फुटली की शब्द पक्का. दोन्हीकडच्या माणसांसमोर वडीलधारं माणूस सुपारी फोडतं, मुलीकडचे 'दिली' म्हणतात, झालं. पण सोळा तारखेपासून धनुर्मास लागत होता. म्हणजे दोन दिवसांत फुटली तर फुटली, नाहीतर महिनाभर थांबा. आणि महिनाभरात माणसांची मनं फिरतात. आम्ही तीन वेळा बघितलं होतं.

राजवाड्याची कल्पना कुमारची. वाडा पाच वाजता बंद होतो, पण नंतर एका कुटुंबाला खाजगीत फिरवून दाखवतात, सोबत गाईड, असं त्यानं मोबाईलवर बघितलं होतं. दोन्ही घरची माणसं जरा मोकळी होतील म्हणाला. त्याचे वडील बिरुदेव मामा लगेच तयार झाले. आई तयार झाली कारण मुलाकडच्यांना नाही म्हणायचं नसतं.

आईनं पिशवी भरली. नारळ, सुपारी, हळदकुंकू, निरांजन, काडेपेटी, पेढे, टॉवेल-टोपी. मी म्हटलं, आपण वाडा बघायला चाललोय. आई म्हणाली, मन झालं त्यांचं तर? तिथं दुकान आहे का?

अडकित्ता मात्र विसरली.

अक्कलकोटात दत्त जयंतीची गर्दी. आमची तवेरा पाऊण तास अडकली. आम्ही पोचलो तेव्हा मुलाकडचे आधीच गेटच्या आत उभे होते. त्यांच्या गाडीतून कोण कोण उतरलं, ते आम्ही बघितलं नाही. आमच्या गाडीतून कोण उतरलं, ते त्यांनी बघितलं नाही.

गाईडचं नाव बसू. पन्नाशीचा, कानाला मफलर, अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड. त्यानं सगळ्यांचे मोबाईल एका लाकडी पेटीत ठेवून घेतले. त्यामुळं पुढं जे दिसलं ते फोटोत आलं का, हे मला विचारू नका. फोटो नाहीत.

मग त्यानं बोट नाचवत आम्हाला मोजलं. मी, आई, तेजू. कुमार, बिरुदेव मामा, त्यांची बायको केराबाई.

"सहा," बसू म्हणाला. "भायेर येताना बी सहाच घेणार. कमी न्हाय, जास्ती न्हाय."

मामा हसले. आम्हीही हसलो. मुलाकडचे हसले की हसायचं असतं.

चपला बाहेर काढून आत गेलो. खाली शहाबादी फरशी, बर्फासारखी. भिंतीवर पिवळे दिवे, तीनातला एक चालू. बसू प्रत्येक वस्तूला ओरिजिनल म्हणायचा. पालखी ओरिजिनल. तलवारी ओरिजिनल. पेंढा भरलेला वाघ ओरिजिनल, फक्त डोळे बदललेत. डोळ्यांच्या जागी गोट्या होत्या. एक निळी, एक हिरवी.

तिथंच मला ते पहिल्यांदा दिसले...

बिरुदेव मामांच्या मागं एक म्हातारबाबा. पांढरं धोतर, जाड कोट, डोक्याला फेटा. हात पाठीमागं बांधलेले. वाघाकडं बघत उभे.

मला वाटलं, मामांचे चुलते असतील.

आईनं मला कोपर मारलं. ते कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलाकडचे. आई चिडली. त्यांचं एवढं मोठं माणूस आलंय आणि आपण साधं 'या' पण म्हटलं नाही.

नंतर कळलं की अगदी त्याच वेळी केराबाईंनी मामांना विचारलं होतं. मामा म्हणाले होते, पोरीचं आजोबा असतील.

आम्ही पुढच्या दालनात गेलो.

आणि तेव्हा तो आवाज आला...

ठक.

थोडं थांबून परत. ठक.

काठीचा आवाज. म्हातारं माणूस सोबत आहे, काठीचा आवाज येणारच. मी लक्ष दिलं नाही.

बसू हंड्या-झुंबरांचं सांगत होता. मी सहज मागं बघितलं. बाबा मागं नव्हते. समोर बघितलं... ते पुढच्या दालनाच्या दारात उभे होते. आमच्या शेजारून कुणीच गेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, वय झालं की माणूस पुढं पुढं जातो. बाथरूम शोधत असतील.

त्यांचे हात अजून पाठीमागंच बांधलेले होते.

दोन्ही हात रिकामे.

ठक.

हे मला दिसलं. मला कळलं सुद्धा. पण त्याच वेळी आईनं मला पुढं ढकललं. पाया पड जा त्यांच्या. मी गेलो आणि पडलो. पाय गार होते. पण डिसेंबर होता, फरशी शहाबादी होती, माझेही पाय गारच होते. माणसाला कारण सापडलं की तो शांत होतो.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. फक्त माझ्यावरून पलीकडं बघितलं.

पलीकडं तेजू होती. कुमारशी काहीतरी बोलत, तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी तिला तसं हसताना वर्षभरात बघितलं नव्हतं.

शेवटी आम्ही दरबार दालनात आलो. लांबच लांब दालन, टोकाला लाकडी चौथरा, त्यावर रिकामी गादी. बसूनं बोलायला तोंड उघडलं...

आणि लाईट गेली.

बसू म्हणाला, जनरेटर लावून येतो, इथून हलू नका. टॉर्च एकच होती. ती तो घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, त्यामुळं खिडक्यांतून चांदणं आत येत होतं. तरी आईनं पिशवीतलं निरांजन काढून लावलं. लावल्या लावल्या दिसलं... बाबा गादीच्या शेजारी उभे होते. आमच्याकडं तोंड करून. जसे काही आम्ही त्यांच्या घरी आलो होतो.

आईला भीती वाटली नाही. आईला संधी दिसली. टॉवेल-टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आधी थोरल्यांचा मान. मी जाऊन बाबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, फेट्यावर टोपी टेकवली. फेट्यावर टोपी बसत नाही. मी दाबून बसवली.

बिरुदेव मामांचं तोंड पडलं. ते मला नंतर म्हणाले, आमचा मान बाजूला ठेवून तुमी तुमच्याच म्हाताऱ्याला टोपी घातली, मला काय वाटलं आसंल? पण त्या वेळी ते मनाचा मोठेपणा दाखवायला पुढं आले. अंगावरची शाल काढली आणि तीही बाबांना पांघरली.

म्हणजे दोन्ही घरांनी मिळून सत्कार केला. नीट, रीतीनं. फक्त भाषण राहिलं.

मग मामाच म्हणाले की थोरलं माणूस समोर हाय, जागा बी चांगली हाय, धनुर्मास तोंडावर हाय, तर सुपारी आत्ताच फोडून टाकू. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तेजूकडं बघितलं. तेजूनं मान खाली घातली, पण होकाराची. हे दोन मिनिटांत झालं. ज्या गोष्टीसाठी आम्ही तीन वर्षं पोहे केले, ती दोन मिनिटांत.

फोडायची कुणी? मामा म्हणाले, बाबांच्या हातानं. आई म्हणाली, बाबांच्याच हातानं. दोघांनाही वाटलं, समोरचा आपल्याला केवढा मान देतोय.

आईनं नारळ आणि सुपारी बाबांच्या ओंजळीत ठेवली. अडकित्ता नाही म्हणून माफी मागितली.

बाबा पहिल्यांदाच बोलले. आवाज बारीक होता, पण दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असता.

"पोरगी आमच्या घरात दिली?"

"दिली," आई म्हणाली.

"राजीखुशीनं?"

"राजीखुशीनं."

"दिली, दिली," मामाही मागून म्हणाले. मामांनी का म्हणावं? ते घेणारे होते. पण सगळे म्हणतात म्हणून आपण म्हणतो.

मग बाबांनी ती सुपारी दोन बोटांत धरली...

कट.

आख्खी, वाळलेली सुपारी. दोन बोटांत.

एक तुकडा त्यांनी तेजूच्या तळहातावर ठेवला. देवळात प्रसाद हातावर आला की आपण खातो, विचार करत नाही. तेजूनं खाल्ला.

तेवढ्यात जनरेटर घरघरला. दिवे लागले. बसू दारातून आत आला, सवयीनं बोट नाचवत.

"सहा," म्हणाला.

मी म्हटलं, सात. मग वळून बघितलं.

गादीशेजारी कुणी नव्हतं.

दालनाला दार एकच होतं, आणि त्यात बसू उभा होता.

पाच मिनिटं आम्ही सगळे बाबांना हाका मारत होतो. मामा मला म्हणाले, "तुमचं आजोबा गेलं कुटं? अंधारात पडतील की."

मी म्हटलं, "आमचे? ते तुमच्याकडचे ना?"

मामांनी केराबाईंकडं बघितलं. केराबाईंनी आईकडं. कुमार माझ्याकडं बघत होता.



बसूनं टॉर्च बंद केली. दिवे चालू होते तरी ती त्यानं आत्तापर्यंत चालूच ठेवली होती. आम्ही कोणाला बघितलं, हे त्यानं विचारलं नाही. कसे दिसत होते, हेही नाही. त्यानं एवढंच विचारलं.

"काय काय दिलं तुमी त्यांना?"

मी म्हटलं, टॉवेल-टोपी. मामा म्हणाले, शाल. आई म्हणाली, नारळ.

"आणि?"

आई पिशवीची गाठ मारत बसली. मामा वरती झुंबराकडं बघायला लागले.

"मला," तेजू म्हणाली.

बसूनं आम्हाला मोजलं आणि बाहेर सोडलं. पेटीतले मोबाईल एकेकाच्या हातात दिले. तेजूचा फोन त्यानं तिच्या हातात दिला नाही. कट्ट्यावर ठेवला. ती उचलेपर्यंत दुसरीकडं बघत राहिला.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, मी अकरा वर्सं हितं हाय, मला कधी कोण दिसलं न्हाय. मग म्हणाला, मी कधी कुणाच्या पाया पडलो न्हाय.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. मला वाटलं, भुताखेताचं बोलतील. घाबरले असतील. तसं काही नव्हतं. मामांचं म्हणणं रीतीचं होतं.

"नवनाथ, पोरगी दिली म्हणून तुमच्या आईनं शब्द दिला. आमी साक्षीला हुतो. आता दुसऱ्याच्या घरात दिलेली पोरगी आमी कशी करून घ्यायची?"

मी म्हटलं, मामा, आम्ही तुम्हालाच दिली. ते म्हणाले, तसं आमाला बी वाटलं हुतं. पण सुपारी आमच्या माणसानं फोडली न्हाय, आन् 'आमच्या घरात' म्हणणारा आमच्या घरचा न्हाय. मी म्हटलं, मग तुम्ही 'दिली, दिली' का म्हणालात?  मामा म्हणाले, त्येच तर. आमी बी दिली की.

कुमार महिनाभर फोन करत राहिला. तेजू उचलायची नाही. रडलीही नाही. आधीच्या तीन वेळेला रडली होती, भांडली होती, एकदा मिक्सरचं भांडं आपटलं होतं. या वेळी काहीच नाही. कामावर जायची, यायची, जेवायची. मी विचारलं, तुला वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, वाटायला पाहिजे ना? आणि खरंच विचारल्यासारखं माझ्याकडं बघत राहिली.

संक्रांत झाल्यावर आईनं ठरवलं की सोयरीक मोडायची. रीत आहे. मुलाकडच्यांकडून नारळ परत घ्यायचा, शब्द सुटतो. मी म्हटलं, कुणाकडून घ्यायचा? आई म्हणाली, ज्यांना दिला त्यांच्याकडून.

आम्ही दोघंच गेलो. तेजूला नेलं नाही. दिवसा, अकरा वाजता. बसू सुट्टीवर होता. दरबार दालनात एका शाळेची सहल आली होती. आई रिकाम्या गादीसमोर हात जोडून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पाव्हणं, आमची चूक झाली. आमचा नारळ परत द्या."

पोरं हसली. एका बाईंनी पोरांना गप्प केलं आणि स्वतः हसल्या. मला लाज वाटली. आता विचार करतो तर तेवढीच एक गोष्ट वाटली होती, भीती नाही.

नारळ परत आला नाही.

आम्ही गाडीकडं आलो. गाडी मागच्या वेळची तीच, ड्रायव्हर सिदू. मागच्या सीटवर काहीतरी होतं...

हिरवी इरकल साडी. जुन्या काठाची, कोरी. घडी मोडलेली नव्हती. वर हिरव्या बांगड्या, दोऱ्यात बांधलेल्या.

मी सिदूला विचारलं, हे कुणी ठेवलं? तो तंबाखू मळत होता. म्हणाला, आत्ताच ठेवून गेले की. म्हातारबाबा. खांद्यावर टॉवेल होता. मुलीला साडी राहिली होती म्हणाले.

मग वर मान करून म्हणाला, "तुमच्याकडचेच ना?"

आई साडी तिथं टाकायला तयार नव्हती. सवाष्णीचा आहेर रस्त्यावर टाकत नाहीत. घरी आणली. मी वास घेऊन बघितला. जुन्या कपड्याला वास असतो. पेटीचा, डांबरगोळीचा, माणसाचा. या साडीला कसलाच वास नव्हता. आईनं ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

सुपारीनंतर तारीख मुलाकडचे काढतात. हे मी विसरलो होतो. आई विसरली नव्हती. महिना-दोन महिने ती रोज सकाळी कॅलेंडरसमोर नुसती उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, काय नाही, गॅस कधी संपतोय बघते.

गेल्या महिन्यात एका सकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो. तेजूनं बिस्कीट बुडवलं, खाल्लं, आणि म्हणाली, "तारीख आली दादा."

मी म्हटलं, कसली?

"रात्री सांगून गेले."

"कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी उगीचच काहीतरी विचारतोय, तसं.

"सासरचे."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं आई ओरडेल, रडेल, देवासमोर जाऊन बसेल. आईनं कप खाली ठेवला. पदरानं ओठ पुसले. आणि मुलीच्या आईनं विचारायचं तेच विचारलं.

"त्यांची माणसं किती येणार?"

तेजूनं थोडा विचार केला.

"सगळीच येणार म्हणाले."

मी खूप जणांना विचारलं. एकानं सांगितलं, बांगड्या वाहत्या पाण्यात सोडा. एकानं सांगितलं, मुलीचं लगेच दुसरीकडं लग्न लावा. एकानं फीचा आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या द्या. गोळ्या तीच कामावरच्या मेडिकलमधून आणते आणि वेळेवर घेते.

तारीख इथं देत नाही. ती अजून यायची आहे.

काल मी ऑफिसात त्या दिवसाची आणि पुढच्या दोन दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही. मग 'बहिणीचं लग्न' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

साहेबांनी सही केली. उठून हात मिळवला. म्हणाले, अभिनंदन, मुलाकडचे कुठले?

मी म्हटलं, अक्कलकोटच्या पुढचे.

साहेब म्हणाले, माणसं चांगली आहेत ना?

मी म्हटलं, जुनं घराणं आहे.